बाळाची झोप आणि आईची रात्र
(मातासभांसाठीं व घरोघरच्या अभ्यासासाठीं पाठ)

पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांतील शलमोनाच्या न्यायाची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. ती वाचतांना आपण राजाच्या शहाणपणाचें कौतुक करितों आणि खऱ्या आईच्या ममतेनें गहिंवरतों. परंतु तो तंटा मुळांत कशावरून उपजला याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. दोघी बाळंतिणी एकाच घरांत राहत होत्या. दोघींचीं मुलें कांहीं दिवसांचींच होतीं. घरांत तिसरें कोणी नव्हतें. एके रात्रीं त्यांतील एक आई झोपेंत आपल्या बाळाच्या अंगावर गेली व तें बाळ मेलें. ती जागरणानें थकलेली असावी, असें आम्हांस वाटतें. थकलेली आई, तिच्या कुशींत तान्हें मूल, काळोखी रात्र आणि हाताखालीं कोणी नाहीं, अशी स्थिति आजहि आमच्या प्रत्येक गांवांत एखाद्या तरी घरीं असतेच.

म्हणून या पाठांत आम्हीं एक साधा प्रश्न घेतला आहे: तान्हें बाळ रात्रभर झोपावें यासाठीं काय करावें? प्रश्न लहान दिसतो. पण त्याचें उत्तर चुकलें तर मुलाच्या जिवावर बेततें, हें पुढें दिसेल. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: झोप ही बाळास पाजण्याची वस्तु नव्हे. ती त्याच्या वाढीबरोबर आपोआप येते. आपण तिची वाट मोकळी करावी, आणि ती येईपर्यंत आईस एकटी सोडूं नये.

१. बाळ रात्रीं कां उठतें?

नुकतें जन्मलेलें बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतें. म्हणजे त्यास झोप कमी असते असें नव्हे. ती तुकड्यातुकड्यांनीं येते. त्याचें जठर लहान असतें व आईचें दूध लवकर पचतें. म्हणून पहिल्या महिन्यांत त्यास दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळां पाजावें लागतें. शिवाय आईच्या उदरांत त्यानें ना सूर्योदय पाहिला, ना सूर्यास्त. दिवस कोणता व रात्र कोणती हें सांगणारें शरीरांतील घड्याळ साधारण दोन-तीन महिन्यांचें झाल्यावर चालूं लागतें. तोंवर बाळ रात्रीं उठतें तें हट्टानें नव्हे, किंवा दृष्ट लागल्यामुळेंहि नव्हे.

दुसरी गोष्ट. झोपेंत बाळ हसलें किंवा रडलें म्हणजे सटवाई त्यास हसविते-रडविते, असें आपल्या आजीबाई सांगत आल्या आहेत. त्यांनीं जें पाहिलें तें खरें होतें. कारण मात्र निराळें आहे. १९५३ सालीं अमेरिकेंतील शिकागो येथें आसेरिन्स्की व क्लाइटमन या दोन शास्त्रज्ञांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, झोपेच्या कांहीं काळांत मिटलेल्या पापण्यांखालीं डोळे वेगानें हालत असतात. अशी हालती झोप व दुसरी शांत झोप आळीपाळीनें येतात. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप हालती असते. तींत तें तोंड वेडेंवाकडें करितें, हसतें, कण्हतें, हातपाय झाडतें; पण तें झोपलेलेंच असतें. अशा वेळीं आईनें घाईनें उचलून घेतलें तर झोपलेलें मूल ती स्वतःच जागें करिते. म्हणून पहिला नियम हा: बाळानें हूं कीं चूं केलें कीं लगेच उचलूं नये; क्षणभर थांबावें, पाहावें व ऐकावें. खरोखर रडूं लागल्यास अवश्य घ्यावें.

ह्या दोन्ही प्रकारांची मिळून एक फेरी बाळाच्या झोपेंत सुमारें ५० ते ६० मिनिटांची असते. प्रत्येक फेरीच्या शेवटीं झोप पातळ होते. मोठ्या माणसांचेंहि असेंच होतें. पण आपण कूस बदलून पुन्हा निजतों व सकाळीं त्याची आठवणहि राहत नाहीं. कूस बदलून पुन्हा निजण्याची ही कला बाळास अजून यावयाची असते. ‘रात्रभर झोपणें’ याचा खरा अर्थ मुळींच न उठणें असा नसून, उठल्यावर आपलें आपण पुन्हा झोपणें असा आहे.

ही कला सर्वांस एकाच वेळीं येत नाहीं. कॅनडांत ३८८ बालकांची पाहणी करून २०१८ सालीं जें प्रसिद्ध झालें त्यांत असें आढळलें कीं, सहा महिन्यांच्या मुलांपैकीं शेंकडा ३८ मुलें सलग सहा तास झोपत नव्हतीं. बारा महिन्यांचीं झालीं तरी शेंकडा २८ मुलांची हीच स्थिति होती. त्यामुळें त्यांच्या वाढींत कांहीं उणें पडलें असें दिसलें नाहीं. तेव्हां शेजारणीचें मूल तीन महिन्यांचें असतांना रात्रभर झोपतें व आपलें झोपत नाहीं, म्हणून कोणत्याहि आईनें स्वतःस दोष देऊं नये.

२. झोपेचें औषध देऊं नये

येथें आम्हांस एक दुःखद इतिहास सांगणें भाग आहे. गेल्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या पुष्कळ आया कामावर जातांना आपल्या तान्ह्यांस ‘बाळगोळी’ देत. त्या गोळींत अफू असे. त्या आया निर्दय नव्हत्या. दिवसभर गिरणींत उभें राहावयाचें, मुलास पाहावयास घरीं कोणी नाहीं, आणि रात्रीं तें रडलें तर चाळींतील एका खोलींत निजलेल्या सर्वांची झोप जावयाची, अशा पेंचांत त्या सांपडल्या होत्या. हें केवळ आपल्याकडेंच होत होतें असेंहि नाहीं. इंग्लंडांत गिरणीकामगारांच्या मुलांस अफूमिश्रित ‘गॉडफ्रे कॉर्डियल’ पाजीत, आणि अमेरिकेंत १८४९ पासून विकलें जाणारें ‘मिसेस विन्स्लो सूदिंग सिरप’ हें मॉर्फीन घातलेलें सरबत घरोघर होतें. १९११ सालीं तेथील वैद्यकीय संघानें त्याची गणना बालघातक वस्तूंत केली.

अफूनें बाळ निजतें खरें. पण ती झोप नव्हे, ती गुंगी होय. गुंगींत श्वास मंदावतो, आणि मात्रा थोडी अधिक झाली तर तो थांबतो. मात्रा बेतानें दिली तरी मूल भूक लागली असतां दूध मागत नाहीं, व दिवसेंदिवस सुकत जातें. घरच्यांस वाटतें, मूल शहाणें आहे, त्रास देत नाहीं; आणि तें मूल उपाशी मरत असतें.

आज अफूची गोळी दुर्मिळ झाली असली तरी तिचीं भावंडें घरांत आहेत. सर्दीखोकल्याचें औषध ‘पिऊन मूल छान झोपतें’ म्हणून देणारे लोक आहेत. अशा एका प्रचलित मिश्र औषधाच्या वेष्टनावर, तें चार वर्षांखालील मुलांस देऊं नये अशी सूचना छापावी, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनीं २०२३ सालीं काढला. कोणी दाताच्या हिरड्यांस ब्रँडी चोळतात. ती विषच होय. कोणी जायफळ उगाळून देतात. त्याचें प्रमाण चुकलें तर विषबाधा होते. कोणी मध चाटवितात. मधांत कधीं कधीं असें जंतुबीज असतें कीं ज्यामुळें वर्षाच्या आंतील मुलाचे स्नायु लुळे पडून श्वासहि बंद पडूं शकतो. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून बाळास कांहींहि नको. पाणी नको, गुटी नको, आणि रात्रीं पोट भरलेलें राहावें म्हणून पेजहि नको. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, कुसकरलेलें केळें असें अन्न सुरू करावें तें वाढीसाठीं, झोपेसाठीं नव्हे.

३. निजण्याची जागा

बाळास नेहमीं पाठीवर, उताणें निजवावें. पाश्चात्य देशांत पुष्कळ वर्षें डॉक्टर पालथें निजविण्याचा सल्ला देत; पुढें असें दिसून आलें कीं, झोपेंत अकस्मात् मरणारीं मुलें बहुधा पालथीं निजलेलीं असतात. ब्रिटनमध्यें १९९१ सालीं व अमेरिकेंत १९९४ सालीं उताणें निजविण्याचा उपदेश देशभर सुरू झाला, आणि थोड्याच वर्षांत अशा मृत्यूंची संख्या निम्म्यावर आली. एवढी मोठी गोष्ट, आणि तिला एक पैसाहि लागला नाहीं! आपल्या पाळण्यांत मुलें उताणींच निजत आलीं आहेत. ही चाल सोडूं नये.

अंथरूण सपाट व घट्ट असावें. बाळाजवळ जाड गोधडी, मऊ उशी किंवा कपड्यांचा ढीग नसावा. डोक्यास गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी देतात. ती झोपेंत नको. डोकें गोल व्हावें असें वाटत असेल तर जागेपणीं, आपल्या डोळ्यांसमोर, बाळास थोडा वेळ पालथें खेळवावें. गळ्यांत दोरा किंवा ताईत असूं नये. तो आवळला जाऊं शकतो. उकाड्याच्या दिवसांत टोपडें व दुपट्यांचे थर नकोत. मानेस हात लावून पाहावा, घाम असेल तर एक थर काढावा. डांस असतील तर धूर करण्यापेक्षां मच्छरदाणी बरी. बाळाच्या खोलींत विडी ओढूं नये.

सर्वांत निर्धोक जागा म्हणजे आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतंत्र अंथरुणावर. पाळणा स्थिर ठेवून त्यांत निजविलें तर उत्तमच. एकाच अंथरुणावर निजणें भाग असेल तर बाळ आईच्या बाजूला असावें, दोघांच्या मध्यें नसावें, आणि पांघरूण त्याच्या तोंडावर येऊं देऊं नये. ज्यानें दारू घेतली आहे, जो विडी किंवा सिगारेट ओढतो, किंवा ज्यानें झोपेची गोळी घेतली आहे, त्याच्याजवळ बाळास कधींहि निजवूं नये. दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेलें किंवा अडीच किलोहून कमी वजनाचें बाळ मोठ्यांच्या अंथरुणावर मुळींच निजवूं नये. शेतांत काम करतांना झाडाला बांधलेल्या झोळींत बाळ निजवितात. झोळींत मान पुढें वाकून हनुवटी छातीस लागली तर श्वास अडतो, म्हणून तेथें कोणाची तरी नजर सतत असावी, आणि रात्रीं झोळी वापरूं नये.

४. दिवस व रात्र शिकविणें

आतां शिकविण्याकडे वळूं. एका शेतकऱ्याच्या घराचें उदाहरण घ्या. बाळ तीन महिन्यांचें आहे. दिवसां घर शांत राहावें म्हणून दार लोटलेलें असतें व बाळ अंधाऱ्या खोलींत दुपारभर निजतें. संध्याकाळीं सगळे घरीं येतात, दिवा लागतो, दूरदर्शन संच सुरू होतो, बाळ एका हातांतून दुसऱ्या हातांत फिरतें. रात्रीं दहा वाजतां सर्वांस झोप येते व बाळास तरतरी! मग घरचे म्हणतात, याचे दिवसरात्र उलटे झाले आहेत. खरें म्हणजे ते आपणच उलटे केले आहेत.

त्या घरीं असें करावें. सकाळीं उठल्यावर दार उघडून बाळास उजेडांत न्यावें. कोवळ्या उजेडानें शरीराचें घड्याळ लागतें. तेलपाणी, न्हाणें, बोलणें, हसविणें हें दिवसां भरपूर करावें. दिवसां झोपेल तेव्हां भांड्यांचा आवाज, कोंबड्यांचा कलकलाट चालूं द्यावा. संध्याकाळ झाली कीं घरच्यांनीं आवाज उतरवावा, दिवा मंद करावा, मोबाईल बाळाच्या डोळ्यांसमोरून काढावा. मग रोज त्याच क्रमानें तींच कामें करावीं: कोमट पाण्याच्या फडक्यानें अंग पुसणें, हलक्या हातानें तेल चोळणें, कोरडें बाळोतें, दूध, ढेकर, अंगाई आणि अंथरूण. बाळास घड्याळ कळत नाहीं, पण क्रम कळतो. अमेरिकेंत ४०५ आयांच्या पाहणींत, जी २००९ सालीं प्रसिद्ध झाली, असें दिसलें कीं न्हाणें, मालीश व शांत वेळ असा रोजचा क्रम ठेवल्यानें मुलें लवकर झोपूं लागलीं, रात्रीं कमी उठूं लागलीं, आणि आयांचें मनहि हलकें झालें. आमच्या आज्यांस तेल व अंगाई ठाऊक होतीच. तीं रोज एकाच वेळीं व एकाच क्रमानें व्हावींत, एवढेंच नवें आहे.

रात्रीं बाळ भुकेनें उठलें तर मंद उजेडांतच पाजावें. रात्रीच्या दुधांत आईच्या शरीरांतून झोपेस मदत करणारें द्रव्य येतें. मोठा दिवा लावून त्याचा लाभ घालवूं नये. बोलूं नये, खेळवूं नये. ओलें असेल तर बदलावें, ढेकर काढावी व पुन्हा निजवावें.

आणि शक्य तेव्हां बाळास पूर्ण झोपल्यावर नव्हे, तर पेंगुळलेलें असतांनाच अंथरुणावर ठेवावें. ह्याचें कारण असें: आईच्या मांडीवर हालत-डोलत झोपलेलें मूल फेरी संपतांच डोळे उघडतें, तेव्हां मांडी नाहीं व डोलणें नाहीं असें पाहून घाबरतें. आपण खाटेवर निजलों व अंगणांत जागे झालों तर आपणहि ओरडूंच. जेथें डोळे मिटले तेथेंच उघडले तर भीति नाहीं.

५. सहा महिन्यांनंतर

शंभर वर्षांपूर्वीं न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग यांच्या पद्धतीचा मोठा गाजावाजा होता: दर चार तासांनीं घड्याळ पाहून पाजावें, रात्रीं मुळींच पाजूं नये. आज तान्ह्या मुलांसाठीं कोणी जाणता डॉक्टर असें सांगत नाहीं. लहान बाळ मागेल तेव्हां, रात्रींसुद्धां, पाजलेंच पाहिजे; तसें न केल्यास आईचें दूधहि कमी होतें.

परंतु बाळ सहा महिन्यांचें झालें, वजन नीट वाढत असलें व प्रकृति चांगली असली, म्हणजे हळूहळू शिकविण्यास हरकत नाहीं. बाळ उठलें तर लगेच पदराखालीं न घेतां आधीं जवळ बसावें, छातीवर हात ठेवावा, हलकें थोपटावें, एकच शब्द हळू म्हणावा. कांहीं रात्रींनंतर थोपटणें कमी करावें, नुसता हात ठेवावा. पुढें नुसतें जवळ असावें. ऑस्ट्रेलियांत ६ ते १६ महिन्यांच्या ४३ मुलांवर केलेल्या एका प्रयोगांत, जो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, असें आढळलें कीं थोड्या थोड्या वेळानें जाऊन धीर देत शिकविल्यास मुलें लवकर झोपूं लागतात व वर्षानंतरहि त्यांच्या आईवरील ममतेंत कांहीं फरक पडत नाहीं. तरी ज्या आईस बाळाचें थोडें रडणेंहि सोसवत नाहीं तिनें सावकाश जावें. हें कर्तव्य नव्हे, एक उपाय आहे. मात्र एक पद्धत धरली कीं आठ-पंधरा दिवस सर्वांनीं तीच चालवावी. आज थोपटणें, उद्यां पाळणा, परवां रागावणें, असें झालें तर बाळ गोंधळून जातें. ताप, सर्दी, दांत येणें, परगांवीं जाणें अशा दिवसांत शिकवणी थांबवावी.

६. केव्हां वाट पाहूं नये

कांहीं रडणें झोपेचें नसतें. तीन महिन्यांच्या आंतील बाळास १००.४ अंश किंवा अधिक ताप, दूध ओढणें बंद होणें, दोन महिन्यांच्या आंतील बाळाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक होणें, छाती आंत ओढली जाणें, झटके, नाळेभोंवतीं लाली, किंवा न थांबणारी किंकाळी: यांपैकीं कांहीं दिसल्यास अंगारा-धुपारा करीत रात्र घालवूं नये, तत्काळ दवाखान्यांत न्यावें, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. आणि जें नवजात बाळ पाजण्यासाठींहि जागें होत नाहीं, तें ‘शांत’ आहे असें समजूं नये. अति निजणें हेंहि रडण्याइतकेंच मोठें लक्षण आहे.

७. आईची झोप

शेवटीं, जिच्याविषयीं सर्वांत कमी विचार होतो तिच्याकडे येऊं. पाहुणे बाळाची विचारपूस करितात; बाळंतीण किती झोपली हें कोण विचारतो? जागरणानें मन खचतें. जी आई सारखी रडते, जिला बाळाजवळ जावेंसें वाटत नाहीं, किंवा बाळ झोपलें असतांहि जिला झोप येत नाहीं, तिला बोल लावूं नयेत; तो आजार असूं शकतो व त्यास औषध आहे. आशाताईंस किंवा आरोग्य केंद्रांत कळवावें.

पित्यांनीं हें विशेषेंकरून ऐकावें. पाजणें आईलाच करावें लागतें. परंतु ढेकर काढणें, बाळोतें बदलणें, खांद्यावर घेऊन फिरविणें यांत पुरुषास कोणताहि कमीपणा नाहीं. सासूबाईंनीं पहाटे बाळ घेऊन सुनेस म्हणावें, “सूनबाई, तूं तासभर पड, मी आहे.” त्या एका तासाचें मोल कोणत्याहि गोळीपेक्षां अधिक आहे. गिरणींतल्या त्या आयांस असें म्हणणारें कोणी असतें, तर बाळगोळी विकली गेली नसती.

धर्मशिक्षक बंधूंनीं व मातासभा चालविणाऱ्या भगिनींनीं हा पाठ वाचून झाल्यावर पुढील प्रश्न विचारावे:

१. आपल्या गांवीं बाळ झोपावें म्हणून काय काय देतात? त्यांतील काय सोडलें पाहिजे?
२. बाळ उताणें कां निजवावें?
३. पेंगुळलेलें बाळ जागेपणींच अंथरुणावर कां ठेवावें?
४. कोणतीं लक्षणें दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये?
५. आपल्या मंडळींत सध्यां कोण बाळंतीण आहे? तिच्या घरीं या आठवड्यांत कोण, कोणत्या वेळीं जाईल?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर नांव व वेळ लिहून घेतल्याशिवाय सभा संपवूं नये, अशी आमची विनंति आहे. यरुशलेमांतील त्या घरीं रात्रीं तिसरें कोणी नव्हतें, आणि सकाळीं राजाकडे जाऊनहि मेलेलें मूल परत आलें नाहीं. आमच्या मंडळ्यांतील कोणत्याहि घरीं ती रात्र येऊं नये.